मुद्दल कोणत्या लेखाशीर्षात?

सप्टेंबर २०२३ पासून पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. शेकरू राज्य प्राणी, हरियाल राज्य पक्षी, तसं पापलेट. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी ही मागणी लावून धरली होती आणि तिच्यामागे हौस नव्हती. ज्या बंदराची ओळखच पापलेटावर उभी राहिली तिथे पापलेट वर्षागणिक कमी आणि लहान होत चाललं होतं. त्याच सुमारास राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत असेल तर धरायचं नाही, बोंबील १८० च्या आत असेल तर धरायचा नाही. केरळनंतर असं करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत आपण आलो, याचा मला मनापासून आनंद झाला.

आनंद ओसरल्यावर सवयीचा प्रश्न आला: हे मोजणार कोण, आणि त्याच्या पगाराची तरतूद कुठे आहे?

सवयीचा, कारण माझी सगळी नोकरी सरकारी हिशेबात गेली. निवृत्त झाले तरी मार्च महिन्यात अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडून बसायची खोड गेलेली नाही. त्यांत बहुतेकांना रूक्ष आकडे दिसतात. मला त्यांत सरकारचं मन दिसतं. भाषणात काय बोललं गेलं त्यापेक्षा कोणत्या ओळीला किती पैसे मिळाले, आणि सुधारित अंदाजात त्यातले किती कापले गेले, यावरून कोणाला काय महत्त्वाचं वाटतं ते स्वच्छ कळतं.

मत्स्यव्यवसायाची मुख्य लेखाशीर्षं, म्हणजे खर्च नोंदवायची सरकारी खाती, दोन. २४०५ हे महसुली खर्चाचं आणि ४४०५ हे भांडवली खर्चाचं. धक्का बांधला, बंदराचा गाळ काढला, लिलावगृह उभं केलं की खर्च ४४०५ मध्ये जातो, कारण त्यातून मालमत्ता तयार होते. बंदरावर उभं राहून मासे मोजणाऱ्या माणसाचा पगार, गस्ती नौकेचं भाडं आणि तिचं डिझेल, कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याची कचेरी, हे सगळं २४०५ मध्ये. म्हणजे हिशेबाच्या नजरेत खाऊन संपणारा खर्च. वित्त विभागाकडून काटकसरीचं परिपत्रक निघालं की पहिली कात्री इथेच लागते. पद रिक्त असेल तर रिक्तच राहतं. भांडवली कामाला मात्र सगळीकडून कौतुक मिळतं, आणि कोनशिलाही त्याच्याच बसतात.

मासेमारीच्या धंद्याचं खरं मुद्दल पाण्यात आहे. समुद्रात पोहणारा, पुढच्या हंगामात अंडी घालणारा मासा हे मुद्दल, आणि आपण दरवर्षी जाळ्यात घेतो ते व्याज. ते मुद्दल ना २४०५ मध्ये दिसतं ना ४४०५ मध्ये. चाळीस कोटींचा धक्का मालमत्ता म्हणून नोंदवला जातो. त्या धक्क्यावर उतरणारं पापलेट समुद्रातून संपलं, तर सरकारी हिशेबात एक रुपयाचंही नुकसान दिसणार नाही. धक्का तेवढा जागेवर असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या पैशांवर पहिला हक्क मुद्दल मोजण्याचा आणि ते राखण्याचा असावा. बाकी सगळं त्यानंतर.

मोजणं म्हणजे नेमकं काय, हे मी मुंबईतल्या वेसाव्याच्या बंदरावर पाहिलं. मी सात बंगल्याला राहते, त्यामुळे मासळी घ्यायला तिकडे जाणं नेहमीचं. एका सकाळी बोटी लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या आणि त्या गर्दीत एक तरुण मुलगी लाकडी मोजपट्टीवर एकेक बोंबील आडवा ठेवून वहीत लांबी लिहीत होती. थोडा वेळ थांबून तिला विचारलं. तिने हात न थांबवता सांगितलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची पद्धत अशी, की किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांवर रोज माणूस उभा करता येत नाही, म्हणून बंदरं आणि दिवस नमुन्याने निवडायचे. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा बंदरावर थांबायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्री काय उतरलं त्याची चौकशी करायची. काही बोटी निवडायच्या, त्यांची मासळी जातवार नोंदवायची आणि त्यावरून महिन्याचा, मग वर्षाचा अंदाज काढायचा. ही पद्धत या संस्थेने कित्येक दशकांपूर्वी बसवली आणि आजही तिच्यावरच देशाचा आकडा उभा आहे.

माशाच्या डोक्यात कानाशी चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की वाढीची वलयं दिसतात आणि वय कळतं. थंड समुद्रातल्या माशांत ती ठळक असतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात ऋतूंचा फरक तेवढा तीव्र नसल्याने वलयं बरीचदा धूसर येतात. त्यामुळे आपल्याकडे वयाचा अंदाज मुख्यतः लांबीवरून बांधावा लागतो, आणि त्यासाठी हजारो मासे मोजणारे हात लागतात. ते कुठल्याही यंत्राने वाचत नाहीत.

ती मुलगी मोजत असताना शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशी मला म्हणाल्या, “बाय, मोजून काय व्हतंय? मोठ्या बोटीवाल्यांना कोन थांबवनार?”

या प्रश्नाने माझी पुढची काही वर्षं व्यापली, कारण तो खरा आहे आणि त्याचं उदाहरण मुंबईच्याच समुद्रात घडून गेलं आहे. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर एके काळी शेवंडीची एक चपटी जात ट्रॉलरच्या जाळ्यांतून येत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिची मासेमारी वाढली. परदेशात भाव होता. शास्त्रज्ञ धक्क्यावर होते, नोंदी ठेवत होते, घट त्यांच्या वह्यांत वर्षागणिक उतरत होती. १९९४ पर्यंत मुंबईच्या पाण्यातली ती मासेमारी संपली. पुढची पिढी जन्माला घालायला जेवढ्या शेवंडी लागतात तेवढ्याही उरल्या नाहीत. संशोधकांनी २००१ मध्ये हा सगळा प्रवास शास्त्रीय नियतकालिकात मांडला.

मोजणी झाली होती, तरीही शेवंड गेली.

हे वाचून मी बराच काळ अस्वस्थ होते. मोजणीला पैसे द्या असं म्हणणाऱ्या माणसाने या घटनेला उत्तर दिलंच पाहिजे. मला जे उत्तर दिसतं ते असं. मोजणारी संस्था केंद्राची, भारतीय कृषी संशोधन परिषदेखालची. मासेमारीचे परवाने देणारं, आकार ठरवणारं, दंड करणारं खातं राज्याचं, कारण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं. वहीतली घट खात्याच्या टेबलावर पोचून तिचा आदेश व्हावा यासाठी नेमलेला माणूस, ठरलेली तारीख आणि ठेवलेला पैसा असं काहीच मध्ये नव्हतं. शास्त्रज्ञाने सल्ला द्यायचा आणि तिथेच थांबायचं.

आजही दोन ठिकाणी दोन हिशेब चालतात. केंद्रीय संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. आधीच्या वर्षीपेक्षा ही घट ३२ टक्क्यांची होती आणि गेल्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली, हंगामाचे कितीतरी दिवस बोटी बंदरात अडकल्या, हेही खरं. पण त्याच सुमाराच्या राज्याच्या आर्थिक पाहणीत सागरी उत्पादन चार लाख टनांच्या वर आहे. एक आकडा कॅलेंडर वर्षाचा, दुसरा आर्थिक वर्षाचा, तरी एवढी तफावत त्यातून निघत नाही. माझ्या कचेरीत दोन वह्यांत असा फरक आला असता तर ताळमेळ लागेपर्यंत कोणी घरी गेलं नसतं. इथे मात्र एका आकड्यावर चिंता व्यक्त होते आणि दुसऱ्यावर योजना आखल्या जातात.

देशपातळीवर पैसा कमी आहे असंही नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मत्स्यव्यवसायासाठी २,७०३.६७ कोटींची तरतूद होती. २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०,०५० कोटींची. त्याआधी २०१८ मध्ये पायाभूत सुविधांसाठी ७,५२२ कोटींचा निधी उभारला गेला. पण मत्स्यसंपदा योजनेचं मुख्य उद्दिष्ट काय, तर देशाचं मत्स्योत्पादन २२० लाख टनांवर नेणं. यात तळी, धरणं, कोलंबीचे प्रकल्प सगळं आलं. २०२२-२३ मध्ये देशात १७५.४५ लाख टन उत्पादन झालं, त्यातलं समुद्रातलं ४४.३२ लाख टन. बाकी सगळं गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातलं. तळ्यातली वाढ जमेस धरली की एकूण रेषा वर जाते, आणि किनाऱ्यावर काय घडतंय ते त्या रेषेखाली झाकलं जातं. समुद्राला टनांचं उद्दिष्ट देता येत नाही. तिथे उद्दिष्ट हवं ते पाण्यात किती अंडी घालणारी मासळी उरली याचं.

धक्के नकोत असं माझं म्हणणं नाही, हे इथेच स्पष्ट करते. ज्यांनी भल्या पहाटे चिखलातून टोपल्या वाहणाऱ्या बायका पाहिल्यात त्यांना धक्का नको असं म्हणवणार नाही. बर्फ, गोडं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, सावली या गोष्टींवरचा खर्च मी तर मासे राखण्याच्याच खर्चात धरते. बर्फात नीट ठेवलेल्या मासळीला भाव जास्त मिळतो आणि तेवढ्याच कमाईसाठी कमी मासे धरावे लागतात. मोठा धक्का बांधून आणखी मोठ्या बोटींना जागा करून देणं ही वेगळी गोष्ट आहे. पाण्यात किती मासळी आहे हे माहीत नसताना ती केली, तर आपण आपल्याच मुद्दलाला हात घालायला पैसे पुरवतो.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडची गोष्ट मला म्हणूनच विसरता येत नाही. तिथल्या कॉड माशाचा अंदाज सरकारने वर्षानुवर्षं फुगीर धरला. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार मासा कमी झाल्याचं सांगत होते. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसं एका दिवसात बेकार झाली. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती, ती उठायला २०२४ उजाडलं. त्या माणसांना जगवण्यासाठी १९९४ मध्ये जी एक योजना आणली तिचीच तरतूद १९० कोटी कॅनेडियन डॉलरची होती. नीट मोजायला आणि वेळीच थांबायला याच्या कितीतरी कमी पैसे लागले असते.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेचं. तिथे १९७६ चा मासेमारीचा कायदा पुढे सुधारला गेला आणि शास्त्रज्ञांच्या मोजणीवरून दरवर्षी माशांच्या प्रत्येक साठ्याची कमाल पकड ठरवणं बंधनकारक झालं. २००० सालापासून तिथले ५० खालावलेले साठे पुन्हा सावरले. आपल्याला ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. आपल्या एका पिशवीसारख्या डोल जाळ्यात बोंबील, करंदी, मांदेली, जवळा, ढोमा सगळं एकत्र येतं. २०१० च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं, १५२ उतरण्याच्या जागा आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबं होती. एवढ्या जागांवर प्रत्येक जातीचा कोटा ठरवून तो तपासणं शक्य नाही. आपल्याला झेपतील अशा गोष्टी तीन-चार आहेत: माशाचा किमान आकार, जाळ्याचे आस (छिद्रांचा आकार), बंदीचा काळ आणि परवान्यांची संख्या. या सगळ्या कागदावर आलेल्या आहेत. घेण्यासारखं आहे ते एवढंच, की मोजणी झाली की निर्णय घ्यावाच लागेल, तो टाळता येणार नाही, अशी कायद्यातली सक्ती.

कागदावरच्या गोष्टी पाण्यावर कशा येतात, ते पर्ससीनच्या, म्हणजे मासळीच्या अख्ख्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, बाबतीत पाहावं. डॉ. सोमवंशी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यावर आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी. परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत १८२ वर आणायचे, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच. २०२१ मध्ये १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली, दंड लाखांत गेले आणि तहसीलदारांकडचे निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. फार चांगली दुरुस्ती. तहसीलदाराच्या मागे शंभर कामं असतात. आता निवाडा करणारा माणूस विषय जाणणारा आहे. पण गस्त घालणारा, बोट अडवणारा, पंचनामा लिहिणारा, सुनावणी घेणारा असे बरेचदा तेच ते मोजके अधिकारी असतात. २०२५ मध्ये किनाऱ्यावर ड्रोन आले. ड्रोनला मासे ओढून घ्यायला रात्री लावलेल्या एलईडी दिव्यांचा झगमगाट दिसेल, बोटीचं चित्र मिळेल. त्या चित्राचं प्रकरण करायला आणि ते शेवटपर्यंत नेऊन दंड वसूल करायला माणूस लागतो, आणि त्याचा पगार पुन्हा २४०५ मध्येच.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचं काम. त्याच कार्यक्रमात देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर (बोटीचं ठिकाण कळवणारी यंत्रं) बसवण्याची योजनाही सुरू झाली, ती साडेतीनशे कोटींच्या घरातली. दुसरी योजना मला मनापासून आवडते. वादळात अडकलेल्या खलाशाचा जीव त्याने वाचू शकतो, आणि बोट कुठे मासे मारते तेही कळतं. पण पहिल्या कामाने डहाणू-पालघरच्या मच्छीमारांच्या पाण्याचं काय होईल या भीतीवर तिथली माणसं वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत, आणि त्या पाण्यात आज किती मासळी आहे याची नोंद पक्की नसेल, तर उद्या किती गेली हे कुठल्या न्यायालयात सिद्ध करणार? नुकसानभरपाईचा हिशेब आधीच्या मोजणीवर उभा असतो. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० वर नेऊन घेतलं, कारण आपली बोट कुठून आणि कशी जाते हे ते दाखवू शकले. पाण्याखालचा मासा असा बोट करून दाखवता येत नाही.

एक गोष्ट मला फार लागते, ती बंदीच्या काळाची. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. जुने कोळी तर नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात उतरतच नसत. या विश्रांतीचा फायदा सगळ्या समाजाला मिळतो, मला तो माझ्या ताटात मिळतो. भार मात्र खलाशी आणि छोटी होडीवाला उचलतो. मत्स्यसंपदा योजनेत गरीब मच्छीमार कुटुंबाला या काळासाठी सरकारचे तीन हजार आणि त्याचे स्वतःचे दीड हजार मिळून साडेचार हजार रुपये मिळतात. योजना हा काळ तीन महिन्यांचा धरते, म्हणजे महिना दीड हजार. मुंबईत. दुसरीकडे डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा लिटरवर मिळतो. जितकं डिझेल जाळाल तितका परतावा. तो थकतो आणि संस्थांचे लोक हेलपाटे घालतात, हेही मला ठाऊक आहे, आणि धंदा त्यावर उभा आहे म्हणून तो एका रात्रीत काढा असं मी म्हणणार नाही. पण येत्या वर्षांत वाढणारा प्रत्येक नवा रुपया इंजिनाकडे जाण्याआधी थांबलेल्या माणसाकडे जावा. पोटाला आधार मिळालेला माणूस बंदी पाळतो, आणि शेजाऱ्यालाही पाळायला लावतो. ती गस्त कुठल्याही नौकेपेक्षा पक्की असते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कर्ज, विमा, विजेचे दर यात सवलती येतील, आल्या पाहिजेत. शेतीबरोबर दर पाच वर्षांनी गणना आणि दर हंगामाला पाहणीही येते, ती मात्र या चर्चेत फारशी कुणी काढली नाही.

विधिमंडळाच्या या अधिवेशनापूर्वी आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींना मी पत्र दिलं. एक, राज्याच्या प्रत्येक मोठ्या बंदरावर मोजणीची कायम पदं, आणि दोन्ही आकड्यांचा वर्षातून एकदा जाहीर ताळमेळ. दोन, त्या ताळमेळानंतर ९० दिवसांत खात्याने आकार, परवाने आणि बंदी यांवर लेखी निर्णय द्यायचा, बदल नसेल तर का नाही हेही लिहायचं. तीन, प्रत्येक किनारी जिल्ह्यात दंडाची प्रकरणं चालवायला स्वतंत्र अधिकारी. चार, बंदीच्या काळातली मदत किमान वेतनाशी जोडलेली, आणि ती जूनच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर. त्यांच्या सहायकांनी पत्र नीट वाचलं, हे मला आवडलं. मग विचारलं, “बाई, यात बांधकाम काहीच नाही. भांडवली कामात बसवता येईल असं काही आहे का? तिकडे पैसा शिल्लक आहे.”

मी त्यांना २४०५ ची पानं काढून दाखवली. पुढच्या आठवड्यात मच्छीमार सोसायटीची दोन माणसं आणि मी पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी मावशीही येते म्हणाल्यात.